तुम्ही विचारलंत म्हणून : सक्तीच्या नसबंदीबद्दल

पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याची नसबंदी सक्तीची करावी, असा प्रस्ताव कुठेही आला की ओळखीचे लोक मला विचारतात, तुम्ही बाजूने की विरोधात? मी आधी विचारते, मसुद्यात वय किती लिहिलंय?

माझ्या पहिल्या कुत्रीची नसबंदी मी केली नव्हती. आज करू, उद्या करू, यातच वर्षं गेली. आठव्या वर्षी, माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत ती सारखं पाणी प्यायला लागली आणि तिने खाणं सोडलं. गर्भाशयात पू झाला होता. त्याच रात्री ऑपरेशन झालं म्हणून ती वाचली. वेळेवर नसबंदी केली असती तर तिचे ते हाल झालेच नसते. त्यामुळे नसबंदीला माझा विरोध असणं शक्यच नाही.

पण नंतर घरी गोल्डन रिट्रीव्हर आला, नर. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका, हाडं पक्की होऊ द्या. याच जातीवर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष, नसबंदी न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळला. हाडांची वाढ कधी थांबायची हे ठरण्यात लैंगिक हार्मोन्सचा हात असतो. लहान चणीच्या जातींना हा धोका बराच कमी. मग सगळ्यांना एकच वय कसं लावायचं? लॉस एंजेलिसने २००८ मध्ये चार महिन्यांची अट घातली, पण डॉक्टरांच्या पत्रावर सवलतही ठेवली. मसुद्यात तेवढी एक ओळ नसेल तर मी सही करत नाही. नॉर्वेत तर सबळ कारणाशिवाय निरोगी कुत्र्याची नसबंदी करताच येत नाही.

मला खरी भीती दंडाची वाटते. ऑपरेशनचा खर्च न झेपणारा माणूस मोठ्या दंडाला घाबरून कुत्रं लपवतो. नोंदणी तर करत नाहीच, डॉक्टरकडे नेलं तर नाव कळेल म्हणून रेबीजची लसही टाळतो. पिल्लं कमी व्हावीत म्हणून आणलेल्या कायद्याने लसीकरणच कमी झालं, तर त्याची किंमत माणसांनाही मोजावी लागेल.

आणि नको असलेली पिल्लं येतात कुठून? मादी साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, गाभण राहिली की सुमारे ६३ दिवसांत विते. प्रत्येक माजाला तिला नराकडे नेऊन पिल्लं विकणारा माणूस अशा मसुद्यांत बहुतेक वेळा परवान्याची फी भरून मोकळा होतो. ब्रिटनमध्ये २०१६ पासून आठ आठवड्यांच्या पिल्लालाही मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख-क्रमांकाची बारीक चिप) लागते आणि पहिली नोंद पैदास करणाऱ्याच्या नावावर होते. टाकून दिलेलं पिल्लू सापडलं, तर त्या नावावरून माग काढता येतो. मला कायद्यात आधी हे कलम हवं आहे. सोबत नसबंदी फुकट किंवा अगदी स्वस्तात करून द्या, लोक स्वतःहून रांग लावतील.