बारा आकडे तेच, रक्कम वेगळी

शनिवार पेठेतल्या एका काकूंचा फराळाचा व्यवसाय आहे. मी नारायण पेठेत एका करसल्लागारांच्या ऑफिसात हिशेब बघते आणि काकूंचं रिटर्न आमच्याकडूनच भरलं जातं. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती, तेव्हा त्यांचा फोन आला. "अगं, ते ऑनलाइन पैसे घ्यायचं एकदाचं काय ते ठरवून दे. माझ्याकडे चार माणसं येऊन चार कागद ठेवून गेलीयेत. कोणी म्हणतं गेटवे घ्या, कोणी म्हणतं स्वाइप मशीन घ्या. मला काही सुधरत नाहीये."

रविवारी दुपारी लॅपटॉप घेऊन गेले. मागच्या खोलीत चकल्यांचा घाणा चालू होता. दिवाणखान्यात सोफ्यापासून टीव्हीपर्यंत बांधलेले डबे. काकूंनी कागद पुढे केले. मी म्हटलं, "हे नंतर बघू. आत्ता पैसे कसे येतात ते आधी दाखवा."

आत्ताची पद्धत पुण्यातल्या बहुतेक घरगुती व्यवसायांची असते तीच. काकूंचं स्वतःचं बचत खातं, त्याचा क्यूआर. त्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर जातो, गिऱ्हाईक पैसे पाठवतं, स्क्रीनशॉट टाकतं आणि काकू वहीत नावापुढे 'आले' असं लिहितात. मी बँकेचं स्टेटमेंट उघडलं आणि वहीशी ताडून बघायला बसले. दहा-बारा नावांतच अडकले. ऑर्डर सुनेच्या नावाची, पैसे सासऱ्यांच्या खात्यातून. ऑर्डर सोसायटीतल्या पाच घरांची, पैसे एकीनेच पाठवलेले. रक्कम जुळते तर नाव जुळत नाही, नाव जुळतं तर तारीख मागची. साडेपाचशेचा डबा घेणारे तर ढीगभर, त्यातले नेमके कोणाचे कुठले?

नाव सोडून मग यूटीआर धरला. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो. तो गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर असतो आणि आपल्या स्टेटमेंटमध्येही उमटतो. मी एकेक स्क्रीनशॉट मोठा करून क्रमांक वाचायचा, काकूंनी छापलेल्या स्टेटमेंटवर शोधून पेन्सिलीने खूण करायची, असं चाललं होतं. कंटाळवाणं काम, पण पुढे सरकत होतं. एका क्रमांकाशी काकू थांबल्या. "याच्यावर मी मगाशीच खूण केलीय गं."

मी दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी शेजारी ठेवले. पहिला एका नवीन नंबरवरून आलेला, 'चव बघायला एक डबा', 550 रुपये. हे पैसे खात्यात जमा होते. दुसरा तीन दिवसांनी दुसऱ्याच नंबरवरून, एका कंपनीच्या दिवाळीभेटीसाठी चाळीस डब्यांचा, 22,000 रुपये. रक्कम वेगळी, नाव वेगळं, तारीख वेगळी, पण बारा आकडे अगदी तेच. दुसऱ्या चित्रात रकमेचे आकडे खालच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड दिसत होते. मोठं केल्याशिवाय कळलंही नसतं. 22,000 ची नोंद स्टेटमेंटमध्ये कुठेच नव्हती.

ते चाळीस डबे सोफ्याशेजारी बांधून तयार होते. सहा वाजता टेम्पो येणार होता.

काकूंचा चेहरा उतरला. तूप, सुकामेवा, बायकांची मजुरी, सगळं त्यात गेलेलं. मी त्यांना एवढंच सांगितलं की यूपीआयचे पैसे आले तर लगेच येतात. कधी अडकले तर ते पाठवणाऱ्याकडे परत जातात किंवा नंतर आपल्याकडे जमा होतात. आपल्या खात्यात दिसेपर्यंत मात्र ते आलेले नाहीत, समोरच्याने काहीही दाखवू दे. त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. आवाज जराही न चढवता म्हणाल्या, "दादा, बँकेत पैसे दिसत नाहीत. जमा झाले की लगेच डबे देते." तिकडून, "स्क्रीनशॉट पाठवलाय ना!" काकूंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. फोन कट झाला. सहा वाजले, सात वाजले, टेम्पो आला नाही. नंबर बंद. पैसे गेले असते तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करावा लागला असता. ते टळलं, पण तो नंबर आम्ही सरकारच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद नंबर कळवायच्या 'चक्षु' सोयीत कळवून ठेवला.

मग काकाच म्हणाले, "आता ते कागद काढा."

काका खरं तर रोखीच्या बाजूचे. जुलै 2025 मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या आणि बेंगळुरूतल्या काही दुकानांवर 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या, ते त्यांनी पेपरात वाचलं होतं. ती भीती मी हसण्यावारी नेली नाही. पण जीएसटी नोंदणीची मर्यादा एकूण उलाढालीवर ठरते, रोख धरूनच. आपल्याकडे मालाच्या विक्रीला ती वर्षाला 40 लाख आहे आणि काकू तिच्या आसपासही नाहीत. उलट आयकरात छोट्या व्यवसायांचा नफा अंदाजाने धरायची जी सोय आहे, तिच्यात रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरतात, बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या रकमेवर 6 टक्के. पैसे खात्यात दिसले तर काकूंचा फायदाच आहे.

स्वाइप मशीन लगेच बाद केलं. दारात येऊन कार्ड काढणारी गिऱ्हाइकं नाहीतच, भाडं मात्र दर महिन्याला. दारातल्या विक्रीसाठी करंट अकाउंट उघडून त्यावर बँकेचा व्यापारी क्यूआर आणि साउंडबॉक्स घ्यायचं ठरलं. बँक खात्यातून येणाऱ्या यूपीआयवर 1 जानेवारी 2020 पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क नाही. रुपे क्रेडिट कार्डाने यूपीआयवर पैसे देणाऱ्यांनाही व्यापारी क्यूआरच लागतो, वैयक्तिक चालत नाही. आणि साउंडबॉक्स बोलतो तो बँकेकडून निरोप आल्यावर. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरच्या चित्राशी त्याचा संबंध नाही.

खरी चर्चा झाली ती गेटवेवर, म्हणजे गिऱ्हाइकाला पैसे भरायची लिंक देणाऱ्या सेवेवर. काकूंपुढे आलेला दर 2 टक्के, त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे साडेपाचशेच्या डब्यामागे जवळजवळ 13 रुपये. यूपीआयला एमडीआर नसला तरी गेटवे कंपनी स्वतःच्या सेवेचं शुल्क लावू शकते, या कागदात ते होतंच. काका म्हणाले, "तेरा रुपये कशाचे?" मी पेन्सिलीच्या खुणांनी भरलेलं स्टेटमेंट पुढे सरकवलं. लिंकवरून पैसे आले की ऑर्डर क्रमांक, नाव, रक्कम एकाच ओळीत येतात. हे असं बसावंच लागत नाही. पण पैसे हातात पडायला दोन कामाचे दिवस लागतात, मध्ये सुट्टी आली की आणखी. मार्केट यार्डातला भुसारवाला दिवाळीच्या दिवसांत रोखीशिवाय माल देत नाही. पैसे अडकून पडणं काकूंना शुल्काहून जड जाणारं होतं, आणि मला तरी त्यांचं म्हणणं पटलं. म्हणून लिंक फक्त मोठ्या आणि बाहेरगावच्या ऑर्डरींना. बाकी सगळ्यांना व्यापारी अॅपमधून रक्कम आणि ऑर्डर क्रमांक भरलेला, त्या ऑर्डरपुरता क्यूआर.

अमेरिकेतून कोथरूडच्या आईवडिलांसाठी फराळ मागवणारी मुलं बरीच आहेत. त्यांच्यासाठी परदेशी कार्डं सुरू करायची तर वेगळी मंजुरी आणि चढा दर. तिथे मी काकूंना थांबवलं. 2023 पासून अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, अमिराती अशा ठरावीक देशांतल्या मोबाइल नंबरवरूनही अनिवासी भारतीयांच्या एनआरई किंवा एनआरओ खात्याला यूपीआय जोडता येतो, बँकेने ती सोय दिली असेल तर. काकूंनी तिथल्या तिथे भाच्याला विचारलं. त्याचं एनआरओ खातं होतं, पण ही सोय त्याला ठाऊकच नव्हती. परदेशी कार्डांचं पुढच्या वर्षी बघायचं ठरलं.

सोमवारी बँकेत न्यायचे कागद काढून ठेवले: पॅन, आधार, शॉप अॅक्ट, उद्यमचं प्रमाणपत्र, अन्न नोंदणी. अडकलेले चाळीस डबे काकूंनी शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि रात्रीपर्यंत निम्मे गेलेसुद्धा.

निघताना मी गिऱ्हाइकांसाठी मेसेज लिहून दिला: 'स्क्रीनशॉट पाठवू नये. ऑर्डर क्रमांकासोबत आलेल्या क्यूआरवर किंवा लिंकवरच पैसे भरावेत. बँकेत जमा झाल्यावर डबा मिळेल.' काकूंनी दोनदा वाचला. 'मिळेल'च्या जागी 'आनंदाने देऊ' केलं आणि खाली स्वतः एक ओळ टाकली: 'आजी-आजोबांना मोबाइलवर जमत नसेल तर त्यांनी फोन करावा, रोख घेतली जाईल.'