तुम्ही विचारलंत म्हणून: बाराही काळ पाठ आहेत, मग बोलताना का चुकतात?

ठाण्यात नौपाड्याला मी संध्याकाळी प्रौढांना इंग्रजी शिकवते, आणि नव्या तुकडीतील कोणी ना कोणी पहिल्याच आठवड्यात विचारतेच: "मॅडम, बाराही काळांचा तक्ता मला आजही घडाघडा म्हणता येतो, मग बोलायला उभे राहिले की काळ का चुकतो?" विचारणाऱ्यांत बँकेतले कारकून असतात, ऐरोलीच्या कंपन्यांत काम करणारी मुले असतात, मुलांचा अभ्यास घेता यावा म्हणून आलेल्या आया असतात. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधीच्यांची या भाषेशी गाठ पाचवीत पडत असे. या प्रश्नापुरता मात्र मला दोन्ही पिढ्यांत काही फरक दिसलेला नाही.

माझे उत्तर असे की तक्त्याचा आणि या चुकांचा फारसा संबंधच नाही. बोलताना आपल्या मनात आधी मराठी वाक्य तयार होते, आणि त्यातील क्रियापदाचे जे रूप असेल त्याच्याशी वरवर जुळणारे इंग्रजी रूप आपण उचलतो. दोन्ही रूपे जुळ्या भावंडांसारखी दिसतात, पण त्यांची कामे निराळी असतात. म्हणूनच वर्गातल्या सगळ्यांच्या चुका त्याच त्या असतात, आणि त्या कोणत्या असतील हे मला पहिल्या दिवशीच सांगता येते.

सर्वांत हट्टी चूक 'हॅड'ची. "काल कुठे होतास?" असे विचारल्यावर आपण मराठीत सहज म्हणतो, "वाशीला गेलो होतो." गेलो आणि परतही आलो, ती गोष्ट मागे पडली, एवढे सगळे त्या 'होतो'मध्ये येते. याचे इंग्रजी हमखास "आय हॅड गॉन टू वाशी" असे होते. इंग्रजीत हे 'हॅड' एकटे उभे राहत नाही. भूतकाळातीलच दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी काय घडले होते ते सांगण्यासाठी ते येते. त्यामुळे ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो, की हा वाशीला गेला होता, तेव्हा मागे घरी काय झाले? आणि पुढे काहीच येत नाही. तिथे साधे "आय वेन्ट टू वाशी" पुरते. माझ्या मते मराठी माणसाने अनावश्यक 'हॅड' एवढे एक जरी सोडले, तरी त्याचे इंग्रजी निम्मे सुधारते.

दुसरी चूक कार्यालयीन पत्रव्यवहारात रोज भेटते. "फाइल मी काल पाठवली आहे" हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. 'काल' आणि 'आहे' यांचे आपल्याकडे भांडण नाही. इंग्रजीत ते आहे. "आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे" यात 'यस्टरडे' ठेवायचे असेल तर 'हॅव' जाते, आणि 'हॅव' ठेवायचे असेल तर 'यस्टरडे' काढावे लागते.

हा सगळा भेद समजावायला ठाणेकरांना उदाहरण शोधत लांब जावे लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. तारीख सांगितली की क्रियापद साध्या भूतकाळातच जाते: "द फर्स्ट ट्रेन केम टू ठाणे इन एटीन फिफ्टी-थ्री." इथे 'हॅज कम'ही बसत नाही आणि 'हॅड कम'ही बसत नाही. तीच हकीकत आजपर्यंत आणून सोडायची असेल, तर गाड्या अजूनही धावत असल्यामुळे "ट्रेन्स हॅव रन टू ठाणे सिन्स एटीन फिफ्टी-थ्री" असे म्हणावे लागते. आणि 'हॅड' वापरायचेच असेल, तर त्या दुपारच्याच दोन घटना घ्याव्या लागतात. त्या गाडीला १४ डबे होते आणि त्यांत सुमारे ४०० निमंत्रित बसले होते. ते आधी बसले, मग गाडी सुटली. म्हणून "बाय द टाइम द ट्रेन लेफ्ट, द गेस्ट्स हॅड टेकन देअर सीट्स." तक्त्यातील तीन घरे पाठ करण्यापेक्षा एकाच घटनेकडे असे तीन ठिकाणी उभे राहून पाहिले, तर कोणते रूप कशासाठी आहे ते लवकर ध्यानात येते.

तक्त्याविषयी आणखी एक गोष्ट शाळेत कोणी सांगत नाही. मराठी व्याकरणातही प्रत्येक काळाचे साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति असे चार प्रकार, म्हणजे एकूण बाराच होतात; पण इंग्रजीच्या तक्त्यात चौथ्या घरात रीति नसून चालू पूर्ण काळ बसलेला असतो. "मी दहा वर्षं ठाण्यात राहतोय" याला आपल्याला चालू वर्तमानकाळ पुरतो, म्हणून "आय अ‍ॅम लिव्हिंग इन ठाणे सिन्स टेन इयर्स" असे वाक्य तयार होते. हवे असते ते "आय हॅव बीन लिव्हिंग इन ठाणे फॉर टेन इयर्स". 'सिन्स'च्या मागे सुरुवातीचे वर्ष लागते आणि 'फॉर'च्या मागे अवधी. उलट आपला "मी पोहायला जात असे" हा रीति भूतकाळ त्या बारा घरांत कुठेच सापडत नाही, कारण त्यासाठीचे 'यूझ्ड टू' तक्त्याबाहेर राहते.

"डिड यू वेन्ट?" या चुकीचे मूळही घरचेच आहे. आपण "गेलास" या रूपाला नुसता 'का' जोडतो आणि क्रियापद जसेच्या तसे राहते. इंग्रजीत भूतकाळ 'डिड' उचलते, आणि 'गो' मूळ रूपात परत येते.

सरावाबद्दल विचाराल, तर रिकाम्या जागा भरण्याच्या वह्यांवर माझा विश्वास उरलेला नाही. तिथे 'सिन्स' छापलेलेच असते, ते दिसले की विद्यार्थी 'हॅव बीन' लिहून मोकळा होतो. बोलताना मात्र ते 'सिन्स' त्याला कोणी आणून देत नाही. त्याऐवजी मी जोडीदार देऊन कालचा दिवस सांगायला लावते, सकाळच्या लोकलपासून रात्रीच्या जेवणापर्यंत, फक्त साध्या भूतकाळात, आणि जोडीदाराने प्रत्येक वाक्यावर 'डिड' घालून प्रश्न विचारायचा. हे अडखळल्याशिवाय होऊ लागेपर्यंत मी पुढचा काळ काढत नाही. लोकांना हे बालिश वाटते, काही जण तसे बोलूनही दाखवतात. पण रोजच्या इंग्रजीत साधी रूपेच फार मोठ्या संख्येने येतात, आणि 'विल हॅव बीन गोइंग'सारखी रूपे परीक्षा द्यायची नसेल तर बिनदिक्कत बाजूला ठेवावीत.

ऐरोलीची मुले एक पोटप्रश्न नेहमी जोडतात: अमेरिकन ग्राहक फोनवर "आय ऑलरेडी एट" म्हणतो, ते चूक आहे का? चूक नाही. ब्रिटिश बोलण्यात तिथे बहुधा "आय हॅव ऑलरेडी ईटन" येते, अमेरिकन बोलण्यात दोन्ही चालतात. तुमची प्रश्नपत्रिका ब्रिटिश धाटणीची असेल, तर तिच्यात 'हॅव ईटन' लिहा आणि फोनवर समोरचा बोलतो तसे बोला.