पुतळा व्रोत्सवाफला, नातू लव्हीवला

व्रोत्सवाफच्या ऑफिसात लागलो तेव्हा पहिलं पोलिश वाक्य शिकलो ते "फ्रेद्रोपाशी भेटू". जुन्या चौकात टाउन हॉलच्या शेजारी एक म्हातारा खुर्चीत बसलाय, हातात कागदाची गुंडाळी आणि पिसाची लेखणी, डोक्यावर कायम एखादं कबूतर, आणि अख्खं गाव एकमेकांना तिथेच भेटतं. मी आठ महिने समजत होतो की असेल कुणीतरी इथलाच मोठा माणूस. मग एकदा जेवताना टीममधली एक जण सहज म्हणाली की अरे तो इथला नाहीच, तो ल्वूफचा, युद्धानंतर आणलाय त्याला.

तर हा अलेक्सांदर फ्रेद्रो, पोलिश विनोदी नाटकांचा बादशहा, १८७६ मध्ये गेला. पुतळा १८९७ चा, उभा केला होता ल्वूफमध्ये, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या लव्हीवमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या, ल्वूफ सोव्हिएतकडे गेलं, जर्मनांचं ब्रेस्लाऊ पोलंडला मिळून व्रोत्सवाफ झालं, आणि १९५६ ला हे आजोबा इथे येऊन बसले, जिथे आधी प्रशियाच्या राजाचा घोड्यावरचा पुतळा होता. माणसांबरोबर पुतळ्यांनीही स्थलांतर करायचं म्हणजे कमाल आहे.

माझ्या काकांना कुलवृत्तांताचं वेड. गेली बारा वर्षं गावोगाव फिरून आमच्या घराण्याच्या शाखा जोडतायत, प्रत्येक फोनला "तुझ्या त्या पणजोबांच्या धाकट्या भावाचं नाव विचारलंस का कुणाला" असतंच. ते रक्तात असणार, कारण मी त्याच रात्री फ्रेद्रोची वंशावळ शोधत बसलो. आणि सापडली त्याची मुलगी झोफिया, तिचा नवरा यान शेप्तित्स्की, आणि त्यांचे सात मुलगे. त्यातले दोन लवकर गेले. उरलेल्या पाचांतला एक पोलंडचा सेनापती झाला आणि त्याचा सख्खा मोठा भाऊ युक्रेनी लोकांचा सर्वात मोठा धर्मगुरू. मी दोनदा वाचलं, म्हटलं चूक असणार.

चूक नव्हती. २०१९ च्या सप्टेंबरात एक लाँग वीकेंड मिळाला, ई-व्हिसा काढला आणि रात्रीच्या बसने निघालो.

बॉर्डरवर चार तास. बसमध्ये बहुतेक युक्रेनी बायका, पोलंडमध्ये कामाला असलेल्या, त्यातल्या एकीने मला न विचारता उकडलेलं अंडं आणि काकडी हातात ठेवली. उजाडता उजाडता घड्याळ एक तास पुढे केलं आणि लव्हीवला उतरलो.

स्टेशनकडून गावात येताना चढावर सेंट जॉर्जचं कॅथेड्रल लागतं, युक्रेनी लोक त्याला संत युर म्हणतात. पिवळसर-करडं, नखरेल, आणि वर छतावर घोड्यावरचा जॉर्ज ड्रॅगनला भोसकतोय, पिन्झेल नावाच्या शिल्पकाराचं काम, असलं की घोडा आता खाली उडी मारेल असं वाटतं. पण मी शोधत होतो खालच्या दोन मूर्ती. दरवाजाच्या दोन बाजूंना दोन संत, एक लिओ आणि एक अथानेशियस. आता गंमत बघा, हे चर्च १७४४ ला बांधायला घेतलं आतानाझी शेप्तित्स्की या बिशपने, आणि पुढे नेलं लेओन शेप्तित्स्कीने. म्हणजे दोघांनीही आपापल्या नावाचे संत दारावर उभे केले! आपल्याकडे देवळाच्या पायरीवर "अमुक यांजकडून सप्रेम" असं कोरतात, हे त्याच्यापेक्षा जरा खर्चिक.

हे घराणं मुळात पोलिश नाहीच. रुथेनियन, म्हणजे रुसिन. रशियन नव्हे, इथे सगळे गोंधळतात. आजच्या युक्रेनी आणि बेलारुसी लोकांचे पूर्वज, पूर्वेकडच्या पद्धतीचा ख्रिस्ती धर्म पाळणारे. शेप्तित्से हे त्यांचं मूळ गाव, त्यावरूनच आडनाव, आपल्या 'कर'सारखंच. पोलंडचं राज्य पसरलं तसे असले बरेच रुथेनियन सरदार त्यात सामावले गेले, हळूहळू भाषा पोलिश झाली, मग धर्मही रोमन कॅथलिक, कारण दरबारात वजन हवं तर तेच सोयीचं. विश्न्योव्येत्स्की हे दुसरं असंच घराणं, त्यांच्यातला मिखाऊ तर १६६९ ला थेट पोलंडचा राजाच झाला. शेप्तित्स्की मधल्या वाटेवर बराच काळ राहिले, ती वाट म्हणजे ग्रीक कॅथलिक: पोपला मानायचं, पण पूजा आपल्या जुन्या पद्धतीची, पाद्र्याला लग्नाचीही मुभा. अठराव्या शतकात या एका घरातून लागोपाठ बिशप निघाले. आणि मग एकोणिसाव्या शतकापर्यंत तेही पुरते पोलिश होऊन गेले, वाड्यात पोलिश आणि फ्रेंच, गावात शेतकरी तेवढे रुसिन.

आणि अशा घरात १८६५ ला रोमान जन्मला, फ्रेद्रोचा नातू, तोच पुढे धर्मगुरू झालेला. प्रिल्बिची नावाच्या गावातल्या वाड्यात. कायद्यात डॉक्टरेट केली, घोडदळात काही दिवस काढले, आणि १८८८ ला घरी सांगितलं की मी ग्रीक कॅथलिक मठात जातो. वडिलांचा विरोध, साहजिक आहे हो, त्यांच्या वर्तुळात तो 'शेतकऱ्यांचा धर्म' समजला जायचा. मठात नाव घेतलं आंद्रेय. १९०१ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, तो लव्हीवचा मेट्रोपॉलिटन, म्हणजे ग्रीक कॅथलिकांचा मुख्य धर्मगुरू झाला, ज्या चर्चवर त्याच्या पूर्वजांनी आपले संत उभे केले होते त्याच चर्चचा. युक्रेनी म्हणाले पोलिश सरदाराला आमच्या डोक्यावर बसवलंय, पोलिश म्हणाले हा गद्दार. दोन्हीकडून शिव्या. त्याने तिथेच ४३ वर्षं काढली.

तळघरात त्याची समाधी आहे. जिना उतरताना थंडगार हवा आणि मेणाचा वास. मेणबत्त्या विकणाऱ्या आजींनी विचारलं, पोलिश का? मी म्हटलं इंडिया. त्या खूश झाल्या, माझ्या मोडक्या पोलिशला त्या युक्रेनीत उत्तर देत होत्या आणि निम्मं तरी कळत होतं. त्यांनी हात डोक्याच्या बराच वर नेऊन दाखवला, एवढा उंच होता म्हणे. खरंच होता, दोन मीटरच्या वर. मग मी विचारलं, आणि त्यांचा भाऊ, जनरल? आजींनी खांदे उडवले. "तो पोलिश लोकांचा."

तो म्हणजे स्तानिस्वाफ, दोन वर्षांनी धाकटा. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रियाकडे, त्यामुळे ऑस्ट्रियाच्या फौजेत वर चढला. १९१८ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रिया कोसळला आणि याच लव्हीवच्या रस्त्यांवर पोलिश आणि युक्रेनी एकमेकांवर गोळ्या झाडायला लागले, त्याच महिन्यात स्तानिस्वाफ वॉर्सात पोलिश जनरल स्टाफचा प्रमुख झाला. आणि पोलिश सैन्याने शहर घेतल्यावर आंद्रेयला त्याच्याच निवासात नजरकैद! आपल्याकडे भाऊबंदकी बांधाच्या वितभर जमिनीवरून होते, इथे अख्ख्या प्रांतावरून. गंमत अशी की दोघांचं घरगुती नातं मात्र तुटलं नाही.

तिसरा भाऊ काझिमिर, व्हिएन्नाच्या संसदेत खासदार होता, तो चाळिशी ओलांडल्यावर थोरल्याच्या मागे मठात गेला, नाव क्लिमेंती. नाझींच्या काळात या दोघा भावांनी मठांमधून, अनाथाश्रमांमधून शंभरावर ज्यू लपवले, त्यात बरीच मुलं. क्लिमेंतीला इस्रायलने १९९५ ला त्याबद्दल गौरवलं. आंद्रेयला नाही, कारण १९४१ ला जर्मन सैन्य आलं तेव्हा त्याने स्वागताचं पत्र काढलं होतं. सोव्हिएतांनी त्याआधीच्या दोन वर्षांत तिथे जे केलं ते पाहता लोकांना कुणीही चाललं असतं हे समजतं, पण पत्र ते पत्रच. मला वाटतं मुलं वाचवली ते वजनाला जास्त भरतं, पण मी कोण ठरवणारा.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगतो कारण वाचताना मलाच जड गेलं. धाकटा लेओन आणि त्याची बायको, १९३९ च्या सप्टेंबरात सोव्हिएत पोलिसांनी प्रिल्बिचीतच गोळ्या घातल्या. पाचवा भाऊ अलेक्सांदर, त्याला जर्मनांनी १९४० ला मारलं. आंद्रेय १९४४ ला गेला, चाकाच्या खुर्चीत. क्लिमेंती १९५१ ला रशियातल्या तुरुंगात. स्तानिस्वाफ एकटा सुखरूप, शेवटी पोलिश रेड क्रॉसचा अध्यक्ष, १९५० ला गेला.

दुसऱ्या दिवशी साम्बीरकडच्या मार्शरुट्कात (आपली वडाप, तंतोतंत) उभ्याने रुडकीला गेलो. तिथल्या चर्चमध्ये फ्रेद्रोची समाधी आहे, आणि शेप्तित्स्कींचं मूळ गावही तिथून जवळच. चर्चला कुलूप. किल्लीवाला बटाटे काढायला शेतावर गेलाय असं एका पोराने खुणेने सांगितलं. तासभर बाकावर बसलो, एक कुत्रं येऊन पायाशी झोपलं, किल्लीवाला काही आला नाही. म्हणजे पुतळा रोज बघतो आणि समाधी बघायला देशाची सीमा ओलांडून गेलो तर कुलूप!

परत आल्यावर काकांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, हे नवलच. शेवटी विचारलं, "पाच भाऊ, त्यातले दोन संन्यासी. मग वंश चालला कुणाचा?" म्हटलं लेओनच्या मुलांचा, ती पोलंडमध्ये राहिली.

"आणि त्या आईचं नाव काय म्हणालास?"

झोफिया. ती चित्रं काढायची, आंद्रेयच्या लहानपणाच्या आठवणी तिनेच लिहून ठेवल्यात. काका जरा वेळ गप्प, मागे कागद चाळल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले की आपल्या दुसऱ्या शाखेत १८९० च्या आसपासच्या सगळ्या बायकांच्या पुढे मी नुसतं 'पत्नी' लिहून ठेवलंय, तू दिवाळीला आलास की आत्याला घेऊन जरा बसू.