तीन साखळी बारा आणे

मी भूकरमापक. इंदापूर तालुक्यातली ही मोजणी होऊन दोन महिने झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

दोन चुलतभाऊ, दोघंही सत्तरीचे, 11 वर्षं कोर्टात. आधीच्या मोजणीत धाकट्याचं अतिक्रमण 21 फूट दाखवलेलं. अहो बांध कोरतात तो वीतभर, दरवर्षी नांगराचं एक तास आत. 21 फूट सरकेपर्यंत शेजारी गप्प बसेल का? तिथंच मला खटकलं.

मग जुनं टिपण काढलं, म्हणजे मूळ मोजणीचा आकडे लिहिलेला कागद, इंग्रजांच्या वेळचा, घडीवर फाटलेला. तेव्हाची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे, म्हणजे एक आणा 2 फूट पाऊण इंच. साखळी गुणिले साखळी की झाला गुंठा, 1089 चौरस फूट. आणि हे सगळं बसलं ते याच तालुक्यात, 1836 च्या सुमाराला, विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, कारण त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने लावलेला सारा इतका जड होता की लोक जमिनी टाकून परागंदा झाले. मातीची प्रतसुद्धा आण्यांत, 16 पासून 2 पर्यंत. सारा गोळा करायलाच केलं सगळं, पण ज्यांनी उन्हात साखळी ओढली त्या आपल्याच माणसांनी काम चोख केलंय.

टिपणावर कोपऱ्याच्या दगडापासून बांधापर्यंत लिहिलंय 3-12. म्हणजे 3 साखळी 12 आणे, 123.75 फूट. आधीच्या मोजणीदाराने ते 3.12 साखळी वाचलं, झाले 103 फूट. फरक पावणेएकवीस. कागद समोर असून कोणी परत वाचला नाही, वकिलांनीही नाही, याचा राग अजून जात नाही.

रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्राने, पॉइंट लावला, तो बरोबर आहे त्याच बांधावर, घाणेरीच्या जाळीत. गड्याने पहार मारली, दीड फुटावर खण्णकन वाजली. उभा पुरलेला काळा दगड. थोरला खाली बसला, हाताने माती बाजूला केली, म्हणाला, "हा आबांनी दाखवला होता मला, लहानपणी."

धाकटा म्हणाला, "मग बोलला का नाहीस दादा इतकी वर्षं?"

"नकाशा वेगळं सांगत होता ना रे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

त्याच मोजणीदाराने त्या वर्षी आसपासच्या गावांतही मोजण्या केल्यात. सध्या रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर एकेक टिपण काढून आणे तपासतोय.