नफा दिसतो, पैसे कुठे आहेत?

"हा आकडा नफ्याचा असेल, तर पगार द्यायला खात्यात पैसे का नाहीत?" आमचे हिशेबाचे सॉफ्टवेअर पाहायला आलेल्या एका छोट्या उद्योजिकेने आज पडद्यावर बोट ठेवून विचारलेला हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाही.

हिशेबाच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. उधारीची विक्री बिल केले की नफ्यात धरली जाते, पैसे मात्र ग्राहक देईल तेव्हाच येतात. शिवाय कर्जाची मुद्दल फेडली, तरी ती नफा-तोटा पत्रकात दिसत नाही. त्यांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि पिशवीतून एक वही काढली. शेवटच्या पानावर येणे असलेल्यांची नावे होती, काहींपुढे एक टिंब, काहींपुढे दोन. "दोन टिंबे म्हणजे फोनही न उचलणारे," त्या म्हणाल्या.

इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून प्रसिद्ध केलेली द्विनोंदी पद्धत (प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत नोंदवण्याची रीत) आमच्या सॉफ्टवेअरचा पाया आहे आणि तिच्याविना ताळेबंद जुळणार नाही, हे खरेच. पण फोन न उचलणाऱ्यासाठी तिच्यात रकाना नाही. (गुंतवणूकदारांनीही तो अजून मागितलेला नाही.)

व्यवसाय करणाऱ्यांनो, सकाळी सर्वांत आधी तुम्ही कोणता आकडा पाहता?