शेवटचा एक किलोमीटर

होई आनला विमानतळ नाही, रेल्वे स्टेशनही नाही. व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावरच्या या छोट्या गावात जायचं तर आधी दा नांग गाठायचं आणि तिथून तीसेक किलोमीटर रस्त्याने. ग्रॅब या ॲपवरून गाडी मिळते, हॉटेलवाले गाडी पाठवतात, आमच्यासारख्या ग्रुपची बस ठरलेली असते. पाऊण तास लागतो. सहल ठरवताना सगळे या तीस किलोमीटरची चौकशी करतात. मी टूर मॅनेजर म्हणून ज्येष्ठांचे ग्रुप नेते, आणि मला काळजी असते ती शेवटच्या एका किलोमीटरची. जुन्या गावात मोठी बस शिरत नाही. दिवसातले बरेच तास तिथे मोटरसायकलींनाही बंदी असते. मग पायी चला, सायकल घ्या, नाहीतर सायक्लोत बसा. सायक्लोवाला मागून पेडल मारतो, प्रवासी पुढे.

त्या नोव्हेंबरात आमचं हॉटेल नदीपासून जवळ, जुन्या गावाला लागून होतं. उत्तरेकडच्या ह्युए शहरातून दा नांगपर्यंत आम्ही मुद्दाम रेल्वेने आलो होतो. हाय वान घाटाखालून २००५ साली झालेल्या सहा किलोमीटरच्या बोगद्यातून बस लवकर पोचते, पण रेल्वे डोंगराला वळसा घालत समुद्राच्या कडेने जाते. दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी सोडू नये. डब्याच्या पायऱ्या मात्र उंच असतात. गुडघा बदललेल्या काकूंना चढवताना पुढे एक आणि मागे एक, असे दोघं लागले.

होई आनमध्ये काकूंच्या भाच्याला स्कूटर भाड्याने घ्यायची होती. आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना त्याने समोर धरला. मी नाही म्हटलं. आपल्याकडे मिळतो तो रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा परवाना, आणि व्हिएतनाम मानतो १९६८च्या कराराखालचा. दुकानदार काही विचारत नाही, चावी देतो. अपघात झाला की विमा कंपनी विचारते. तो नाराज झाला, पण सायकलवर आन बांगच्या किनाऱ्याला जाऊन आला.

रात्रभर पाऊस कोसळला. पहाटे चारच्या सुमारास रिसेप्शनवरच्या मुलीने दार ठोठावलं. खाली लोक शांतपणे फ्रिज आणि खुर्च्या वर चढवत होते. थू बोन नदीला पावसाळ्याच्या शेवटी पूर येतोच, त्यात वरच्या धरणांतून पाणी सोडलं की ते झपाट्याने चढतं. इथल्या जुन्या घरांत माडीच्या फळ्यांमध्ये झडप ठेवलेली असते, पुरात माल वर ओढून घ्यायला. तान की नावाच्या इथल्या जुन्या घरात भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, त्यातली १९६४ची उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर. आदल्या दिवशीच मी ती सगळ्यांना दाखवली होती.

उजाडलं तेव्हा नदीकाठचा बाख डांग रस्ता दिसेनासा झाला होता आणि आमच्या दारात मांडीभर पाणी होतं. वीज गेलेली. दुपारी दा नांगहून विमान. ड्रायव्हरचा फोन आला: महामार्ग दिएन बानजवळ पाण्याखाली आहे, मी समुद्राकाठच्या रस्त्याने येतोय, तो वाळूवर आहे, उंच आहे. पण गावात शिरता येणार नाही, तुम्ही बाहेर या.

संध्याकाळी कंदिलांच्या उजेडात पर्यटकांना फिरवणाऱ्या सपाट लाकडी होड्याच आता रस्त्यावरून चालत होत्या. हॉटेलच्या मुलीने ओळखीच्या दोन बायकांना बोलावलं. आमच्यातल्या एका काकांनी भाव ऐकून घासाघीस सुरू केली. मी म्हटलं, "काका, आज नको." दोन गोष्टींवर मात्र मी अडून बसले: प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि एका होडीत चारापेक्षा जास्त माणसं नाहीत. जॅकेटं शेजारच्या हॉटेलातून यायला अर्धा तास गेला. तो जाऊ दिला.

काकूंना खुर्चीसकट होडीत ठेवलं. त्या घट्ट डोळे मिटून बसल्या होत्या. होडीवाल्या बाईने वल्हं थांबवून त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि मग होडी हाकली. दोन्ही बाजूंना पिवळ्या भिंती, वर विजेच्या तारा, मध्ये गढूळ पाणी. भाचा होडीबरोबर पाण्यातून चालत होता. बॅगा शेवटच्या फेरीत आल्या, त्यातल्या दोन पार भिजल्या.

पाणी गुडघ्याखाली उतरलं तिथे हॉटेलने मिळवलेला बांधकामाचा ट्रक उभा होता. फळीवरून सगळ्यांना वर घेतलं. ट्रकने भातखाचरांमधला बुडालेला रस्ता ओलांडून आम्हाला किनाऱ्यापाशी सोडलं, आणि तिथे आमची बस दिसली. ड्रायव्हरने आल्याचा चहा करून आणला होता. मी त्याला वाकून नमस्कार केला.

चेक-इन सुरू होतं, विमानाला उशीरच होता. काकूंचा रक्तदाब तपासला, बरा निघाला.

आता ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सहलींत मी शेवटचा मुक्काम दा नांगलाच ठेवते. कोरड्या महिन्यांत होई आनला राहायचंच, पण हॉटेल असं निवडते की दारापर्यंत निदान सोळा आसनी गाडी येईल. नदीच्या बाजूची खोली नाही म्हणून काही जण कुरकुर करतात. त्यांना मी संध्याकाळी सायक्लोने नदीवर नेते.