वारेन्नाचा एक दिवस आणि बोटीच्या तिकिटाची रांग

मिलानमध्ये राहून एका दिवसात कोमो सरोवर बघून यायचं असेल, तर मी सरोवराकाठच्या वारेन्ना या गावाचं नाव सुचवेन. फक्त रेल्वेगाडीतून उतरल्यावर सगळे जातात म्हणून त्यांच्या मागोमाग बोटीच्या तिकीट खिडकीकडे जाऊ नका. मी गेले, आणि शनिवारच्या सकाळचा जवळजवळ एक तास उन्हात त्या खिडकीपुढे गेला. त्याची चुटपुट अजून आहे, म्हणून हे लिहितेय.

गाडीचं काम सोपं आहे. मिलानच्या मुख्य स्टेशनवरून, म्हणजे मिलानो चेंत्रालेहून, तिरानोला जाणारी प्रादेशिक गाडी पकडायची. ती सहसा तासाला एक असते आणि तासाभरापेक्षा थोडा जास्त वेळ घेते. बोर्डावर वारेन्ना शोधत बसू नका. तिथे शेवटचं स्टेशन, म्हणजे तिरानो, लिहिलेलं असतं. उतरायचं स्टेशन वारेन्ना-एझिनो-पेर्लेदो. जागा राखीव नसतात, त्यामुळे वीस मिनिटं आधी पोहोचून डाव्या बाजूची खिडकी धरा. लेक्को शहर गेलं की सरोवर त्याच बाजूला येतं. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या मशीनमध्ये पंच करा, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो. परतीचं तिकीटही मिलानलाच घेऊन ठेवा, वारेन्नाच्या छोट्या स्टेशनवर मशीनच्या भरवशावर राहू नका.

आता ती रांग. ती का लागते, हे नकाशा पाहिला की कळतं. स्टेशनवरून उतारावर दहा मिनिटं चाललं की आधी बोटीचा धक्का लागतो. गाव त्याच्या पुढे, दक्षिणेला आहे. तासाला एक गाडी, तीही भरलेली, त्यामुळे सगळी गर्दी एकाच वेळी धक्क्यावर येते आणि बहुतेकांना सरोवरापलीकडच्या बेलाज्जो गावालाच जायचं असतं. मी गेले त्या दिवशी एकच खिडकी उघडी होती. खिडकीशी पोहोचलेला प्रत्येक जण तिथेच वेळापत्रक विचारत होता, कुठलं तिकीट घ्यावं ते ठरवत होता, आणि मागच्यांच्या डोळ्यांसमोर एकेक बोट सुटत होती.

म्हणून खिडकीशी जाण्याआधी हे माहीत असू द्या. बोटी तीन प्रकारच्या असतात. ‘बात्तेल्लो’ ही साधी प्रवासी बोट. ‘त्रागेत्तो’ ही मोटारी नेणारी फेरी. तिच्यात पायी प्रवाशांनाही घेतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ती मोठी असते आणि त्यामुळे तिच्यात जागा मिळण्याची शक्यता जास्त. ‘सेर्वित्सियो रापिदो’ म्हणजे जलद बोट. तिला जादा पैसे पडतात आणि साधं तिकीट चालत नाही. वारेन्ना ते बेलाज्जो अंतर साध्या बोटीनेही पंधरा मिनिटांचंच आहे, तेव्हा जलद बोटीसाठी जादा पैसे देण्यात काही अर्थ नाही. वेळापत्रकात ‘फेरियाले’ आणि ‘फेस्तिवो’ असे शब्द दिसतात. फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, आणि त्यात शनिवारही येतो. फेस्तिवो म्हणजे रविवार आणि सुट्ट्या: २५ एप्रिल, १ मे, २ जून, १५ ऑगस्ट वगैरे. शनिवारी फेस्तिवोचा रकाना वाचला, तर नसलेल्या बोटीची वाट पाहत बसाल.

तिकीट हातात आलं म्हणजे अमुक बोटीत जागा मिळाली, असंही नाही. बोट भरली की दोरी लावतात आणि पुढच्या बोटीपर्यंत थांबवतात. बेलाज्जोहून परत येताना हे जास्त जाचतं. दुपारी चारनंतर तिथे परतीची गर्दी सुरू होते. शिवाय मोटारींच्या फेरीचा धक्का आणि प्रवासी बोटीचा धक्का वेगवेगळे आहेत, मध्ये काही मिनिटांचं चालणं आहे. चुकीच्या धक्क्यावर उभे राहिलात तर बोट गेली, बोट गेली की गाडी गेली, आणि पुढच्या गाडीला तासभर. स्टेशनपर्यंत आता चढ असतो हेही धरा. गाडीच्या वेळेच्या निदान पाऊण तास आधी सुटणारी बोट पकडा. जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं वारेन्नालाच एकदम काढा, म्हणजे पलीकडची रांग तरी वाचते.

माझं स्पष्ट मत विचाराल तर निवांत दिवस हवा असेल तेव्हा बेलाज्जो सोडून द्या. जायचंच असेल तर दुपारी एकच्या सुमारास जा, तोवर सकाळची गर्दी पांगलेली असते. सकाळ वारेन्नाला द्या.

धक्क्यावरून पाण्याला लागून लाल कठड्याची पायवाट गावात जाते. पुढे विला मोनास्तेरो: मुळात बाराव्या शतकातला मठ, आता सरोवराकाठी जवळजवळ दोन किलोमीटर पसरलेली बाग. भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय शाळा इथे १९५३ पासून भरते. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मींनी १९५४ च्या उन्हाळ्यात इथेच व्याख्यानं दिली, त्यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी. बागेला घाईत अर्धा तास पुरतो, पण दीड तास ठेवा. वरचा वेत्सियोचा किल्ला वीस-तीस मिनिटांच्या खड्या दगडी वाटेवर आहे. सकाळी दहाच्या आत चढायला लागा, कारण दुपारी ऊन अंगावर येतं. चपला नकोत, दगड गुळगुळीत आहेत. पाऊस असेल तर किल्ला बंद ठेवतात आणि हिवाळ्यातही तो उघडा नसतो.

जेवणाचं: स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात, तेव्हा एक वाजताच जेवायला बसा. बिलात ‘कोपेर्तो’ दिसला तर ती फसवणूक नव्हे, टेबलावर बसण्याचं माणशी शुल्क आहे. ‘मिस्सोल्तीनी’ हे इथलं खास खाणं, खारवून वाळवलेले सरोवरातले मासे; सुकट-बोंबील आवडणाऱ्यांनी जरूर घ्यावेत. शाकाहारी असाल तर ‘पित्सोक्केरी’ मागा: कुट्टूच्या पिठाचा पास्ता, बटाटा, कोबी, चीज आणि भरपूर लोणी. एक ताट दोघांना पुरतं.

एक राहिलंच. निघण्याच्या आदल्या दिवशी रेल्वेचा संप, म्हणजे ‘शोपेरो’, आहे का ते बघा. संप असला तरी कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक गाड्या सोडाव्या लागतात, त्यात जाणं-येणं बसवता येतं. परतताना गाडी मिलानपर्यंत आहे ना, हे बघून चढा. काही फक्त लेक्कोपर्यंत जातात. आणि गाडीचं दार आपोआप उघडेल म्हणून थांबू नका. वारेन्नाला गाडी जेमतेम थांबते, स्टेशन येण्याआधीच दाराशी उभे राहा आणि थांबल्याबरोबर बटण दाबा.